एल्कच्या शिकारीला गाइड घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत लायसन्स काढून पहिल्यांदा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेली मराठी माणसं आता अधूनमधून भेटतात. कुणी ऑफिसातल्या सहकाऱ्याने दिलेलं एल्कचं मांस खाऊन या वाटेला लागलेलं असतं, तर कुणाच्या आजोबांकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी बंदूक होती. घरात आज शिकार येणारं माणूस मात्र बहुधा कुणाच्याच नसतं. इथल्या मुलाला बाप, मामा, शेजारी लहानपणापासून जे दाखवत आलेले असतात ते आपल्याला मोठेपणी एकदम शिकायचं असतं. म्हणून गाइडचा प्रश्न आपल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त अडतो. खालची उत्तरं मुख्यतः कोलोराडो आणि वायोमिंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोंटाना, न्यू मेक्सिको आणि अलास्काचा उल्लेख जिथे लागला तिथे आला आहे.

एका वाक्यात सांगा, गाइड घ्यावा की नको?

पडलेला एल्क मांस खराब व्हायच्या आत गाडीपर्यंत आणण्याची सोय तुमच्याकडे असेल तर गाइडशिवाय जाता येतं. नसेल तर ती सोय आधी विकत घ्या, मग बाकीचा विचार करा.

बहुतेक जण “मला एल्क दिसेल का?” यावर अडून बसतात आणि त्यासाठी पैसे मोजायला तयार होतात. दिसणं, न दिसणं हे शिकारीत चालतंच. एल्क न मिळता परत आलेला माणूस डोंगर शिकून आलेला असतो. पण तीन मैल आत, दुपारच्या उन्हात एल्क पाडून त्यातलं निम्मं मांस कुजवणं हे माझ्या दृष्टीने अक्षम्य आहे. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा कोलोराडोत गुन्हाही आहे.

मांस आणण्याचा एवढा बाऊ का?

कारण एल्क हे हरणाच्या कुळातलं असलं तरी पांढऱ्या शेपटीच्या हरणासारखं दोन माणसांनी ओढत आणायचं जनावर नाही. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास असते. हाडं काढून टाकली तरी चांगल्या नराचं मांस नव्वद ते एकशे दहा किलो भरतं. हाडांसकट एक मागची तंगडी पाठीवर घेऊन उतार उतरलात की गुडघ्यांना कळतं आपण काय उचललंय.

हिशोब मांडून बघा. रस्त्यापासून दोन मैलांवर एल्क पडला, तुम्ही एकटे आहात आणि एका खेपेला वीस-बावीस किलो नेता. म्हणजे पाच खेपा. पाच वेळा ओझं घेऊन बाहेर, चार वेळा रिकामे परत आत: अठरा मैल. हे सगळं नऊ-दहा हजार फुटांवर, पायाखाली पडलेली झाडं, आणि बहुधा आदल्या दिवशीची झोप अर्धवट झालेली. धट्टाकट्टा माणूसही यात दीड-दोन दिवस घालवतो. सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या सीझनला दुपारचं तापमान वीस-पंचवीस अंशांवर गेलं तर मांसाकडे एवढा वेळ नसतो. जाड कातडी आणि केस आतली ऊब धरून ठेवतात, आणि मांस सर्वांत आधी नासतं ते मागच्या तंगडीच्या हाडालगत. म्हणून कातडी लगेच उतरवायची, तंगड्या सोडवायच्या, श्वास घेणाऱ्या कापडी पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल अशा टांगायच्या. हे हात आधी कुठेतरी शिकलेले असायला हवेत. खाटकाकडे किंवा एखाद्या शेतावर बकरा सोलून कापताना नीट पाहिलं असेल तरी पुष्कळ फरक पडतो.

माझी रेघ अशी आहे: दोघे जण, दोघेही चालणारे, तर रस्त्यापासून दीड-दोन मैल. त्यापुढे जायचं असेल तर घोडे किंवा खेचरं असलेल्या माणसाशी सीझनच्या आधीच बोलून ठेवा. अशी नुसती मांस वाहून आणण्याची सेवा अनेक आउटफिटर, म्हणजे शिकारीच्या सहली चालवणारे धंदेवाले, देतात. दर अंतराप्रमाणे काहीशे डॉलरांपासून हजाराच्या पुढे जातो. एल्क पाडल्यावर फोन करून घोडे शोधायला लागलात तर त्या आठवड्यात सगळे घोडे कामावर असतात.

गाइड आणि आउटफिटर वेगळे असतात का?

हो. आउटफिटर म्हणजे धंद्याचा मालक. राज्याची नोंदणी, सरकारी जंगलात धंदा करण्याचा परमिट, विमा, घोडे, तंबू, करारावरची सही, सगळं त्याचं. गाइड त्याच्याकडे काम करतो आणि प्रत्यक्ष डोंगरात तुमच्याबरोबर असतो. तुम्ही पैसे देता आउटफिटरला, पण तुमचा आठवडा कसा जाईल ते गाइडवर ठरतं. त्यामुळे बुक करताना “माझ्याबरोबर कोण असेल, आणि तो या डोंगरात किती सीझन फिरलाय?” हे विचारलंच पाहिजे.

“गाइडेड” म्हणजे नक्की काय काय मिळतं? खर्च किती?

पूर्ण गाइडेड शिकारीत राहणं, जेवण, घोडे, गाइड आणि मांस बाहेर आणणं हे सगळं येतं. सरकारी जंगलातल्या तंबूच्या कॅम्पसाठी साधारण सहा ते दहा हजार डॉलर धरा. खाजगी रँचवर, जिथे एल्क जास्त आणि माणसं कमी, तिथे दर सहज त्याच्या वर जातो. एका गाइडमागे एक शिकारी की दोन, यावरही दर बदलतो. दोघे असाल तर संधी आधी कुणाची हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. मित्रांमध्ये यावरून आलेला दुरावा मी पाहिला आहे.

त्याखालचा प्रकार ड्रॉप कॅम्प. आउटफिटर तुम्हाला आणि सामानाला घोड्यांवरून आत नेऊन सोडतो. तिथे मोठा तंबू, चुलीसाठी शेगडी, लाकडं, भांडीकुंडी तयार असतात. शिकार तुमची तुम्ही करायची. ठरलेल्या दिवशी तो परत न्यायला येतो, आणि एल्क पडला तर मांसही आणतो. माणशी दोन ते चार हजार डॉलरांत हे जमतं.

या सगळ्यात लायसन्स धरलेलं नाही. कोलोराडोत बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कचं लायसन्स आठशे डॉलरांच्या आसपास पडतं, तिथल्या रहिवाशाला त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांना साधा दर सातशेच्या जवळ आहे आणि वेगळ्या सोडतीचा ‘स्पेशल’ दर दोन हजारांना टेकतो.

कायद्यानेच गाइड सक्तीचा आहे अशी ठिकाणं कोणती?

वायोमिंगचा नियम सर्वांत आधी लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या केंद्र सरकारने घोषित केलेल्या विल्डरनेस, म्हणजे राखीव रानाच्या, क्षेत्रात मोठ्या जनावराची शिकार एकट्याने करता येत नाही. बरोबर परवानाधारक गाइड हवा, नाहीतर वायोमिंगचा रहिवासी हवा. अशा रहिवाशाला वायोमिंग गेम अँड फिश खात्याकडून बिनव्यावसायिक गाइडचं लायसन्स फुकट मिळतं, पण त्याने तुमच्याकडून पैसे घेता कामा नयेत. टेटन विल्डरनेस, वॉशाकी आणि यलोस्टोनच्या आग्नेयेला असलेला थोरोफेअरचा मुलूख हे सगळं यात येतं. मजा म्हणजे त्याच जागी तुम्ही एकटे फिरू शकता, मासे पकडू शकता. त्यामुळे नकाशावर हिरवं दिसलं म्हणून पाय टाकू नका. साधं राष्ट्रीय जंगल कुठे संपतं आणि विल्डरनेसची हद्द कुठे लागते ते फोनवरच्या नकाशात आधी बघा.

अलास्कात अफोग्नाक आणि रास्पबेरी बेटांवर एल्क आहेत. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला तिथे कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाइड लागतो. पुण्याहून किंवा दुबईहून खास शिकारीसाठी येऊ पाहणाऱ्या भावाला हे आधीच सांगा.

कोलोराडो, मोंटाना, आयडाहो, न्यू मेक्सिको इथे एल्कसाठी अशी सक्ती नाही. कोलोराडोतल्या फ्लॅट टॉप्स किंवा वेमिनूच विल्डरनेसमध्ये तुम्ही आपले आपण जाऊ शकता. फक्त कुठल्याही विल्डरनेसमध्ये चाकाचं वाहन चालत नाही, मांस आणायची दोनचाकी हातगाडीसुद्धा नाही.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. बंदूक हातात धरता येते का? गाइडची वापरली तर?

आपल्या लोकांकडून सर्वाधिक येणारा आणि सर्वांत गंभीर प्रश्न हा आहे. केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. ते जवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ती मुळातच लागू नाही.

आता दोन गोष्टी. पहिली, बंदूक गाइडची आहे, मित्राची आहे, रेंजवर भाड्याने घेतली आहे, याने काही बदलत नाही. ती तुमच्या हातात आली की तुमच्याजवळ आहे असंच धरलं जातं. म्हणजे लायसन्स काढायच्या आधीचा नेमबाजीचा सराव हाच खरा धोका आहे, आणि बरेच जण नेमके तिथे बेसावध असतात. दुसरी, लायसन्सची मुदत संपली की तुमचं संरक्षण संपलं. घरी कपाटात ठेवलेल्या रायफलचं काय करायचं हे आधी ठरवा.

धनुष्यबाण या कायद्याखाली बंदूक ठरत नाही, म्हणून व्हिसावरचे काही जण सरळ धनुष्याकडे वळतात. मात्र त्यासाठी सरावाचे महिने मोजावे लागतात. राज्यांचे आपापले नियम वेगळे असतात, आणि तुमचं इमिग्रेशनचं प्रकरण तुमचंच आहे. इथे एकदा इमिग्रेशन वकिलाची फी भरा. गाइडच्या “काही होत नाही, सगळे करतात” यावर विसंबू नका. व्हिसा त्याचा जाणार नाही.

गाइड घेतला की टॅग मिळणं सोपं होतं का?

टॅग म्हणजे एक जनावर मारण्याचा परवाना; बऱ्याच ठिकाणी तो ड्रॉमधून, म्हणजे सोडतीतून मिळतो. सोपं होतं का, ते राज्यावर अवलंबून आहे. न्यू मेक्सिकोत थेट फरक पडतो. ड्रॉमधले ८४ टक्के टॅग तिथल्या रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना आणि ६ टक्के करार नसलेल्या बाहेरच्यांना. मोंटानात पूर्वी आउटफिटरमार्फत जाणाऱ्यांना लायसन्स हमखास मिळायचं. २०१० साली मतदारांनी कौल देऊन ती सोय काढून टाकली.

कोलोराडोत काही रँचमालकांना स्वतःच्या जमिनीच्या बदल्यात व्हाउचर मिळतात आणि ती शिकाऱ्याला देता येतात. त्यामुळे रँचवरच्या महाग शिकारीत कधीकधी टॅगचा प्रश्न तिथेच सुटतो. ड्रॉशिवाय थेट काउंटरवर मिळणारं लायसन्स ही कोलोराडोची जुनी ओळख होती. पण २०२५ पासून बाहेरच्या राज्यातल्यांसाठी पश्चिम भागातलं धनुष्यबाणाचं लायसन्स ड्रॉमध्ये गेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल सीझनचं बऱ्याच युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, अजून काउंटरवर मिळतं.

गाइडबरोबर गेलो तर एल्क नक्की मिळेल ना?

नक्की असं कुणी म्हणत असेल तर तिथे पैसे भरू नका. कोलोराडोत एल्कची संख्या देशात सर्वांत जास्त आहे, तरी शिकाऱ्यांतल्या साधारण पाचातल्या एकालाच, धनुष्यबाणवाल्यांत त्याहूनही कमी जणांना, एल्क मिळतो. चांगला गाइड तुमची शक्यता वाढवतो, कारण पहिली गोळी सुटल्यावर एल्क कुठल्या खोऱ्यात सरकतात हे त्याला वर्षानुवर्षं माहीत असतं. सरकारी जंगलात मात्र तोही हवामानापुढे आणि गर्दीपुढे हतबल असतो. ऑक्टोबरअखेर बर्फ पडलंच नाही तर एल्क वरच्या काळ्या झाडीत बसून राहतात.

आउटफिटरने यशाचा आकडा सांगितला तर विचारा: यात एल्क मिळालेले किती, आणि नुसती गोळी झाडायची संधी मिळालेले किती? दोन्ही एकत्र करून सांगायची पद्धत आहे.

गाइडशिवाय जायचं ठरवलं. सुरुवात कुठून?

हंटर एज्युकेशनपासून. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय लायसन्स नाही. कोर्स गांभीर्याने करा.

त्यानंतर तुम्ही कुठे राहता यावर सगळं ठरतं. डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स इथे राहणाऱ्या माणसाकडे एक गोष्ट आहे जी टेक्सस किंवा न्यू जर्सीतल्या माणसाला आठ हजार डॉलर देऊनही मिळत नाही: उन्हाळ्यातले शनिवार-रविवार. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या युनिटमध्ये जाऊन राहा. पहाटे उंचावर बसून दुर्बिणीने कुरणं बघा. ओल्या जागा, चिखलात लोळलेली डबकी, खोडावर शिंगं घासल्याच्या खुणा, ताजी लेंडी, सगळं नकाशावर टिपून ठेवा. रस्त्यावरून गाड्या कुठे थांबतात तेही टिपा, कारण सीझनमध्ये माणसं तिथूनच आत शिरणार आणि एल्क त्यांच्या उलट्या दिशेला जाणार. अशा फेऱ्या दोन उन्हाळे केलेल्या माणसाला पुढे गाइडची गरज बहुधा पडत नाही, आणि डोंगराशी जी ओळख होते ती आयुष्यभर पुरते. मी हाच रस्ता सगळ्यात आधी सुचवतो.

पहिल्या वर्षी मादीचा टॅग घ्या. काउंटरवरच्या नराच्या टॅगवर बहुतेक युनिटमध्ये शिंगांची अट असते: एका बाजूला चार टोकं, किंवा कपाळालगतचं टोक पाच इंच. पहाटेच्या अर्ध्या उजेडात, धडधडत्या छातीने, नवख्याने ती टोकं मोजणं म्हणजे चुकीला आमंत्रण. मादीचं मांसही उत्तम असतं.

एकटे जाऊ नका. मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवा आणि ते वापरायचा सराव घरी करा.

आम्ही तिघे मित्र आहोत, बजेट मध्यम आहे. ड्रॉप कॅम्प बरा का?

दूर राहणाऱ्यांसाठी मला हाच पर्याय सर्वांत आवडतो. मांसाचा प्रश्न सुटतो, कॅम्प लावण्या-उतरवण्यात दोन दिवस जात नाहीत, आणि तरी शिकार तुमची स्वतःची असते. पण तिघांतल्या निदान एकाला जनावर सोलून कापता आलं पाहिजे. तंबूपासून एल्क जिथे पडेल तिथपर्यंत घोडा येईलच असंही नाही, त्यामुळे थोडं वाहणं सुटत नाही.

एक प्रश्न स्पष्ट विचारा: ही जागा गेल्या सीझनमध्ये तुमच्या गाइडेड गिऱ्हाइकांनी वापरली होती का? काही आउटफिटर उत्तम खोरी पूर्ण पैसे भरणाऱ्यांसाठी राखतात आणि ड्रॉप कॅम्पवाल्यांना उरलेल्या जागी सोडतात. कॅम्पमध्ये आधीच्या आठवड्यातला गट होता का, तेही विचारा. आठवडाभर बंदुका वाजलेल्या खोऱ्यात तुम्हाला शांतता सोडून फारसं काही मिळणार नाही.

आउटफिटर खरा आहे हे कसं तपासायचं?

वर आलेल्या राज्यांत नोंदणी ठेवणारी सरकारी यंत्रणा आहे. कोलोराडोत आउटफिटर नोंदणीचं कार्यालय, वायोमिंगमध्ये आउटफिटर आणि व्यावसायिक गाइड मंडळ, मोंटाना आणि आयडाहोतही तशीच मंडळं. नाव आणि नोंदणी क्रमांक तिथे पडताळा, तक्रारी झाल्या आहेत का बघा. मग फॉरेस्ट सर्व्हिसच्या त्या विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा की या माणसाकडे त्या जंगलात काम करायचा परमिट आहे का. हा फोन फार कमी लोक करतात, आणि खोटी मंडळी नेमकी इथे उघडी पडतात. परमिट नसलेल्या माणसाबरोबर केलेली शिकार बेकायदा ठरू शकते. वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा केंद्रीय लेसी कायदा शिकारीच्या गाइडिंगलाही लागू आहे, म्हणजे प्रकरण राज्याबाहेर, केंद्राच्या कोर्टापर्यंत जाऊ शकतं. व्हिसावरच्या माणसाला ही जोखीम परवडणारी नाही.

करार लेखी हवा. त्यात तारखा, एका गाइडमागे किती शिकारी, मांस बाहेर आणणं धरलंय का, ड्रॉमध्ये टॅग न लागल्यास आगाऊ रक्कम परत की पुढच्या वर्षाला जमा, आग लागून जंगल बंद झालं तर काय, हे सगळं असावं. निम्मी रक्कम आधी मागणं नेहमीचं आहे. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागताना ज्यांना एल्क मिळाला नाही अशांचेही मागा. रिकाम्या हाताने परतलेला माणूस गाइडबद्दल चांगलं बोलत असेल तर त्याहून मोठी शिफारस नाही.

तब्येत बेताची आहे. गाइड असेल तर भागेल?

नाही. गाइड तुमच्या वतीने चालत नाही; उलट तो तुमच्यापेक्षा भरभर चढतो आणि तुम्ही मागे पडलात की संधी जाते. डेन्व्हर पाच हजार फुटांवर आहे, शिकार आठ ते अकरा हजारांवर. समुद्रसपाटीवरून येणाऱ्याने दोन दिवस आधी पोहोचावं, भरपूर पाणी प्यावं. डोकेदुखी, मळमळ, झोकांड्या जायला लागल्या तर खाली उतरावं, “होईल कमी” म्हणत बसू नये. पन्नाशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांना उंची आणि ओझं दोन्ही सांगून सल्ला घ्या.

चार महिने आधीपासून पाठीवर वजन घेऊन जिने चढा. घोड्यावर कधी बसला नसाल तर दोन-तीन शिकवण्या घ्या. सहा तास खोगिरावर बसल्यावर उतरताना पाय जागेवर राहत नाहीत. घोड्यांना वजनाची मर्यादा असते, तीही विचारून घ्या. गुडघे खरंच गेले असतील तर रँचवरची शिकार हाच प्रामाणिक पर्याय, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एल्क जखमी होऊन पळाला तर?

इथे गाइडचे पैसे वसूल होतात. रक्ताचा माग काढणं, किती वेळ थांबायचं ते ओळखणं, रक्त दिसेनासं झालं तर वर्तुळं घेत शोधणं, हे पुस्तकातून येत नाही. बऱ्याच कॅम्पमध्ये नियम असतो की रक्त सांडलं म्हणजे तुमची शिकार संपली, जनावर हाती लागो न लागो. मला हा नियम योग्य वाटतो. तुमच्या आउटफिटरचा काय आहे ते विचारा.

आणि गाइड म्हणाला “मार, लागेल” तरी, त्या अंतरावर सराव नसेल तर मारू नका. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. चांगला गाइड त्याचा मान ठेवतो.

ग्रिझली अस्वलांचं काय?

कोलोराडोत नाहीत. वायोमिंगच्या वायव्येला, मोंटाना आणि आयडाहोच्या काही भागांत आहेत, आणि पडलेल्या एल्कच्या वासावर येतात. बेअर स्प्रे कमरेला हवा, बॅगेत नको. अशा मुलखात पहिल्यांदा जात असाल तर कायद्याने सक्ती नसली तरी गाइड घ्याच.

कॅम्पवर जेवणाचं? आणि शनिवार-एकादशी पाळणाऱ्यांचं?

बुकिंगच्या वेळीच सांगा. कॅम्पचा आचारी बटाटे, बीन्स, अंडी, स्टेक याच वळणाने जातो, पण आधी कळलं तर शाकाहारी सामान घोड्यावर चढवतो. बीफ खात नसाल तर तेही स्पष्ट सांगा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आपली आपण न्या. थंडीत दिवसभर चालल्यावर ओळखीची चव फार आधार देते.

घरच्यांशीही आधी बोला. सप्टेंबरचा सीझन गणपती आणि पितृपक्षाच्या आसपास येतो, रायफलचे सीझन नवरात्र-दिवाळीत. शिकारीच्या तारखा वर्षभर आधी कळतात, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला तुम्ही डोंगरात असणार का हे आयत्या वेळी घरात जाहीर करायचं कारण नाही.

टिप किती द्यायची?

शिकारीच्या दराच्या दहा ते वीस टक्के, रोख, शेवटच्या दिवशी. आचारी आणि घोडे सांभाळणाऱ्याला वेगळी द्या. एल्क मिळाला नाही म्हणून टिप कापणं चुकीचं आहे. गाइड पहाटे तीनला उठून घोड्यांवर खोगीर चढवत होता, ते काम तेवढंच राहतं.

मांस आणि शिंगं घरी कशी न्यायची? भारतात नेता येतील?

मांस हाडं काढून न्या. हरणांच्या कुळात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे, तो १९६७ साली कोलोराडोतच प्रथम दिसला. त्यामुळे मेंदू आणि मणक्याचे भाग एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला बहुतेक राज्यांत बंदी आहे. तुमच्या युनिटमध्ये तो रोग असेल तर तपासणी करून घ्या, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा. रोग निघाला तर ते खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. गाइडचं काम साधारणपणे मांस गाडीपर्यंत आणण्यापर्यंतच असतं. पुढे कापून, पॅक करून देणाऱ्या प्रोसेसरची वेळ आधी घेऊन ठेवा.

शिंगं सुटकेसमध्ये घालून भारतात नेण्याचा विचार सोडून द्या. वन्यजीव खातं आणि कस्टम्सच्या परवानगीशिवाय ती विमानतळावरच अडकतील. गावच्या भिंतीसाठी फोटो पुरेसा आहे.

हे सगळं कधी ठरवायचं?

आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात. बाहेरच्यांसाठी वायोमिंगच्या एल्क ड्रॉची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, न्यू मेक्सिकोची मार्चच्या मध्यावर, मोंटानाची १ एप्रिलला आणि कोलोराडोची एप्रिलच्या सुरुवातीला. अर्ज भरायच्या आधीच आउटफिटर आणि युनिट ठरलेलं असलं पाहिजे, कारण त्याचा परमिट ज्या युनिटमध्ये आहे तिथलाच टॅग त्याच्या उपयोगाचा. चांगल्या आउटफिटरांच्या सप्टेंबरच्या तारखा वर्षभर आधी भरतात. ड्रॉमध्ये नंबर लागला नाही तर कोलोराडोत दुसरा ड्रॉ असतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला काउंटरवरची व उरलेली लायसन्स विक्रीला येतात. विक्री ऑनलाइनही उघडते आणि मादीचे चांगल्या युनिटमधले टॅग काही मिनिटांत संपतात, तेव्हा खातं, पासवर्ड आणि हंटर एज्युकेशनचा क्रमांक आदल्या रात्रीच तपासून ठेवा.